बोंडअळी म्हणजे नक्की कोण? एका भटक्या पतंगाच्या नावांची गोष्ट

(ऑडिओ भागाचा हा लिहून काढलेला मजकूर. बोलताना अर्धवट सुटलेली वाक्यं पूर्ण केलीत आणि मधे दोनदा कुकरची शिट्टी झाली होती ती काढलीये. बाकी जसं बोललो तसंच.)

आजचा भाग एका फोटोमुळे होतोय.

माझे काका वऱ्हाडात कापूस लावतात. गेल्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी त्यांनी व्हॉट्सॲपवर एक फोटो टाकला. कपाशीत काठीला बांधलेला कामगंध सापळा. तुम्ही पाहिला असेल, वर छत्रीसारखं झाकण आणि खाली प्लॅस्टिकची लांबट पिशवी लोंबत असते. फोटोखाली व्हॉइस मेसेज: "सापया रिकामाच हाय बावा. तीन आठवडे झाले, एक पाखरू नाही. यंदा बोंडअयी नाही वाटते."

मी अंगठा दाखवला आणि मीटिंगला गेलो.

दहा-बारा दिवसांनी दुसरा फोटो. कपाशीचं फूल, पण नीट उमललेलं नाही. पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या आवळलेल्या. याला डोमकळी म्हणतात. कापूसवाल्या घरात वाढलेल्या कुणालाही ती बघून धस्स होतं, कारण आत गुलाबी बोंडअळी बसलेली असते.

म्हणजे सापळा रिकामा आणि फुलात अळी. मग फोनवर सगळा उलगडा झाला. काकांनी दुकानात "बोंडअळीची गोळी" मागितली होती. गोळी म्हणजे सापळ्यात लावायचा तो वासाचा रबरी तुकडा, ल्युअर. दुकानदारानंही बोंडअळीचीच गोळी दिली. फक्त ती बोंडअळी दुसरी होती. पाकिटावर नाव होतं, पण मागच्या बाजूला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, आणि तेही लॅटिन.

त्या पाकिटावरच्या पतंगाचं नाव हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. आजचा भाग त्याच्याबद्दल आहे. पतंग म्हणजे संक्रांतीचा नाही, रात्री दिव्याभोवती फिरतो तो. अळी ही त्याचं पोर. हा पतंग स्थलांतर करतो, अर्ध्या जगात पसरलाय, आणि त्याला काय म्हणायचं यावर शास्त्रज्ञांचा जवळजवळ दीडशे वर्षं घोळ चालू होता. तो घोळ नुसता पुस्तकी नाहीये, त्यात लोकांची पिकं गेलीत.

आधी आपल्याकडचा घोळ घेऊ. हरभऱ्यात जी घाटेअळी असते, ती हीच. अर्धं अंग घाट्याच्या आत, अर्धं बाहेर, आरामात जेवण चाललेलं. तुरीत शेंगा पोखरणारी अळी, तीही हीच (तुरीत अजून दोन-तीन जणी असतात, पण मुख्य ही). टोमॅटोला गोल भोक पाडून आत तोंड घालणारी फळ पोखरणारी अळी, हीच. मक्याच्या कणसात, सूर्यफुलाच्या तबकात, भेंडीत, हीच. आणि कपाशीत ही "अमेरिकन बोंडअळी" किंवा "हिरवी बोंडअळी" होते. दीडशेच्या वर वनस्पतींवर ही जगू शकते, पण शेतकऱ्याच्या तोंडी पिकागणिक वेगळं नाव. त्यात ही बया रंग बदलते. तेच आईबाप, तेच पीक, तरी एक अळी हिरवी, दुसरी तपकिरी, तिसरी गुलाबीसर. अंगाच्या बाजूंनी फिकट पट्टे असतात, पण ते कुणी बघत नाही, रंग बघतात. म्हणजे "गुलाबी दिसली, गुलाबी बोंडअळी असेल" हेही चुकू शकतं.

माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर डेटाबेसमध्ये एकाच माणसाची पाच खाती आहेत. आणि प्रत्येक खात्यावर वेगळं औषध चालू आहे.

आता शास्त्रीय नावाकडे. याला नाव दिलं जर्मनीतल्या आउग्सबुर्गच्या याकोब ह्यूब्नरनं, एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला. ह्यूब्नर पेशानं चित्रकार आणि नक्षीकार होता. उमेदीत तीन वर्षं त्यानं युक्रेनमधल्या एका सुती कापडाच्या कारखान्यात डिझायनर म्हणून नोकरी केली, आणि तिथे फुलपाखरं-पतंग गोळा केले. कापसावर पोट भरणाऱ्या माणसानं पुढे कापसाच्या सगळ्यात मोठ्या शत्रूंपैकी एकाला नाव द्यावं, हे मला भारी वाटतं. त्यानं नाव ठेवलं नॉक्टुआ आर्मिजेरा. आर्मिजेरा म्हणजे शस्त्रधारी.

नॉक्टुआ हा त्या काळचा मोठा पेटारा होता. रात्री उडणारा, जाडसर अंगाचा, करड्या-तपकिरी रंगाचा पतंग दिसला की टाक नॉक्टुआत. आजही या पतंगांच्या कुळाला नॉक्टुइडी म्हणतात. हळूहळू त्या पेटाऱ्यातून छोटे डबे निघाले आणि आपला पतंग गेला हेलिओथिस नावाच्या जीनसमध्ये. (जीनस आणि स्पिशीजला मराठीत काय म्हणायचं यावरही वाद आहे. कुणी जाती म्हणतं, कुणी प्रजाती, आणि उलटही. मी जीनसला जीनस आणि स्पिशीजला प्रजाती म्हणतोय, शिव्या कॉमेंटमध्ये द्या.)

खरा गोंधळ इथून पुढे. अमेरिकेत मक्याच्या कणसात आणि कापसाच्या बोंडात अशीच एक अळी मिळायची. पतंग दिसायला तोच. मातकट पिवळे पुढचे पंख, मागच्या फिकट पंखांवर गडद पट्टा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक लोक धरून चालले की युरोप, आफ्रिका, आशिया, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका, सगळीकडे ही एकच प्रजाती आहे. कुणी हेलिओथिस आर्मिजेरा लिही, कुणी हेलिओथिस ऑब्सोलेटा. त्यामुळे अमेरिकेतल्या अळीवरची माहिती इकडच्या अळीला लागू, इकडची तिकडे लागू. आपल्याकडचं "अमेरिकन बोंडअळी" हे नाव याच काळाची देणगी. दक्षिण आफ्रिकेतही हिला तेच म्हणतात. गंमत बघा, ज्या किड्याचं आपण अमेरिकन म्हणून बारसं केलं, तो त्या वेळी दोन्ही अमेरिका खंडांत कुठेच नव्हता! इथलाच, जुन्या जगातला.

गाठ सुटायला सुरुवात झाली ऑस्ट्रेलियात. १९५३ मध्ये आय. एफ. बी. कॉमन या कीटकशास्त्रज्ञानं दाखवलं की तिथल्या शेतात ज्याला सगळे एकच किडा समजतात, ते खरं तर दोन आहेत. एक आर्मिजेरा, दुसरा पंक्टिजेरा, जो फक्त ऑस्ट्रेलियातलाच. मागच्या पंखावरच्या गडद पट्ट्यात आर्मिजेराला एक फिकट ठिपका असतो, पंक्टिजेराला नसतो. एवढासा ठिपका! पण पुढे जेव्हा कीटकनाशकं फेल व्हायला लागली तेव्हा कळलं की आर्मिजेरा औषधांना पुरून उरतो आणि पंक्टिजेरा सहज मरतो. कारण पंक्टिजेराचा मोठा गोतावळा दूर आतल्या रानात, जंगली झाडांवर वाढतो, तिथे औषध कोण मारणार? तिथून उडून येणारे नवे पतंग औषध न बघितलेले असतात. म्हणजे शेजारी-शेजारी बसलेल्या, सारख्याच दिसणाऱ्या दोन अळ्या, एकीवर साधी फवारणी पुरते, दुसरीवर पैसे पाण्यात.

मग १९६५ मध्ये कॅनडाच्या डेव्हिड हार्डविकनं एक जाडजूड ग्रंथ लिहिला. या सगळ्या भावंडांना जगभरातून गोळा करून, चिरून, सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. पतंगांच्या बाबतीत पंखांवर विश्वास ठेवता येत नाही, पंख झिजतात, रंग बदलतो. म्हणून बघायचं ते जननेंद्रिय. ऐकायला विचित्र वाटेल, पण पतंगांच्या वर्गीकरणात ते फार महत्त्वाचं. त्या अवयवांची ठेवण प्रजातीगणिक ठरलेली असते. हार्डविकनं दोन गोष्टी ठरवून टाकल्या. एक, या गटाला हेलिओथिसमधून बाहेर काढून स्वतंत्र जीनस दिला, हेलिकोव्हर्पा. दोन, जुन्या जगातली आर्मिजेरा वेगळी आणि अमेरिकेतली झिया वेगळी.

आजही नाव पूर्ण लिहिताना शेवटी ह्यूब्नरचं नाव कंसात टाकतात. तो कंस उगाच नसतो. त्याचा अर्थ, प्रजातीचं नाव या माणसानं दिलं, पण जीनस नंतर बदलला. कमिट हिस्टरी आहे ती, एका कंसात.

आणि जुनं नाव कधी मरत नाही, हे कुठल्याही प्रोग्रामरला विचारा. हार्डविकनंतर पंचवीस-तीस वर्षं आपल्या पुस्तकांत हेलिओथिसच चालू होतं. शेतीच्या दुकानात आजही "हेलिओथिस" म्हटलं की लगेच कळतं. सापळ्याच्या त्या गोळीचं नावही हेलिल्युर! १९६५ ला रिनेम झालेलं व्हेरिएबल, काउंटरवर अजून जुन्याच नावानं चालतंय.

बरं, जननेंद्रिय झालं. डीएनए काय म्हणतो? २००७ मध्ये एक अभ्यास आला, त्यात नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे के. आर. क्रांती हेही होते. त्यांनी भारत, चीन, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया अशा ठिकठिकाणच्या आर्मिजेराचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए तपासला. प्रश्न असा होता की इतक्या दूरदूरचे पतंग, त्यांच्यात फाटे फुटले असतील ना? सापडलं उलट. खंड वेगळे, पण पतंग एकच, फरक अगदी किरकोळ. आणि अमेरिकेतली झिया? ती वेगळी, पण तिच्यात विविधता कमी. याचा सरळ अर्थ असा लावला गेला की सुमारे १५ लाख वर्षांपूर्वी आर्मिजेराचे थोडेसेच पूर्वज कसेतरी अमेरिकेत पोचले, आणि त्या मूठभरांपासून झिया झाली. फोर्क.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. आर्मिजेरा इतक्या मोठ्या प्रदेशात एकच कसा राहिला? तर हा पतंग एका जागी बसत नाही.

दरवर्षी ठरलेल्या महिन्यात ठरलेल्या गावाला जाणारे काही पतंग असतात, हा तसला वारकरी नाही. हा गरजेपुरता भटक्या. पीक हिरवं आहे, फुलं आहेत, मध मिळतोय, तर तिथेच राहील. पण पीक वाळायला लागलं, ऊन वाढलं, अन्न संपलं, की निघाला. कोशातून नुकती बाहेर आलेली मादी पहिल्या काही रात्री अंडी घालायला तयार नसते. तेवढाच तिचा प्रवासाचा काळ. पोट हलकं, अंगात ताकद. अंधार पडला की ती सरळ वर चढते, काहीशे मीटर, जिथे वारा जोरात आणि एकसारखा वाहतो, आणि त्या वाऱ्यावर स्वार होते. हा पतंगही शेवटी वाऱ्यावरच जातो, संक्रांतीच्या पतंगासारखा, फक्त दोरी नाही. दोन-तीन रात्रींत काहीशे किलोमीटर. मग खाली उतरून जोडीदार शोधायचा आणि एकेक करून अंडी घालायची. अंड्यांचा पुंजका नाही, हरभऱ्याच्या शेंड्यावर एक, पलीकडच्या झाडावर एक. एक मादी हजारभर अंडी सहज घालते. त्यामुळे सकाळी शेतात गेलेल्या माणसाला काहीच दिसत नाही, आणि आठ-दहा दिवसांनी सगळीकडे अळ्या.

हे स्थलांतर खरंच होतं हे सिद्ध कसं करायचं? रात्री, अंधारात, दीड सेंटीमीटरचा किडा, अर्धा किलोमीटर उंच. चीनमधल्या लोकांनी झकास जागा शोधली. बोहाईच्या सामुद्रधुनीत मधोमध एक छोटं बेट आहे. त्यावर शेती नाही, कापूस नाही, अळीनं खावं असं पीकच नाही. तिथे रडार आणि वर तोंड केलेला प्रखर दिवा लावला. आता त्या बेटावर आर्मिजेरा सापडला तर तो तिथे जन्मलेला असूच शकत नाही, समुद्र ओलांडूनच आलेला. आणि सापडले, वर्षानुवर्षं. चीनच्या ईशान्येला हिवाळा इतका कडक की जमिनीतले कोश तगत नाहीत, म्हणून दर उन्हाळ्यात दक्षिणेकडून नवी फौज जाते आणि शरद ऋतूत त्यांची पिल्लावळ वाऱ्याबरोबर परत खाली येते. तिकडे ब्रिटनमध्येही दक्षिण युरोपाकडून अधूनमधून एखाद-दुसरा पोचतो. तिथले हौशी लोक त्याचा फोटो काढून आनंदानं नोंद करतात. आपल्याकडे ज्याला बघून बीपी वाढतो, तो तिकडे पाहुणा!

या भटकण्याचा आपल्याशी काय संबंध? सांगतो. १९८० च्या दशकात सिंथेटिक पायरेथ्रॉइड नावाची कीटकनाशकं आपल्याकडे आली. सुरुवातीला जादूच होती, अळी पटापट मरायची. म्हणून कापसावर पुन्हा पुन्हा मारली. १९८७ च्या हंगामात किनारी आंध्रात, गुंटूर-प्रकाशमच्या पट्ट्यात, शेतकरी फवारत राहिले आणि अळी खात राहिली. पीक गेलं, कर्ज राहिलं. पुढे १९९० च्या दशकात भारत, पाकिस्तान, नेपाळमधून अळ्या गोळा करून तपासल्या, तर पायरेथ्रॉइडला न जुमानणाऱ्या अळ्या जिथे बघावं तिथे होत्या.

आता "एकच प्रजाती, आणि ती भटकी" हे वाक्य परत वाचा. गुंटूरच्या कापसात तयार झालेली प्रतिकारशक्ती गुंटूरच्या कापसात राहत नाही. ती टोमॅटोत जाते, तुरीत जाते, पुढच्या जिल्ह्यात जाते. ज्या हरभऱ्यावर कधी ते औषध पडलंच नाही, तिथेही ते औषध न चालणारी अळी येते. नाव पिकागणिक बदललं तरी जीन्स त्याच.

हेच चांगल्या अर्थानंही होतं. २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात चीनचा अभ्यास आला. उत्तर चीनच्या सहा प्रांतांत १९९२ ते २००७ ची आकडेवारी बघितली, तर बीटी कापूस आल्यावर आर्मिजेरा फक्त कापसात कमी झाली असं नाही, आजूबाजूच्या मका, भुईमूग, सोयाबीन, भाजीपाल्यातही कमी झाली. ती पिकं बीटी नव्हती. पण पतंग कापसातूनच तिकडे जायचे, आणि कापसात आता ते मरत होते.

इथे बीटीचा विषय आलाच आहे, तर काकांच्या डोमकळीकडे परत येऊ. वर आपण बघितलं, एका किड्याची पाच नावं. आता उलटं, एका नावात तीन-चार किडे. "बोंडअळी" म्हणजे बोंड खाणारी अळी, बस. त्यात येते ही आर्मिजेरा, कुळ नॉक्टुइडी. त्यात येते ठिपक्यांची बोंडअळी, इअरियास, ही आधी नॉक्टुइडीत होती, आता नोलिडी कुळात टाकलीये. आणि त्यात येते गुलाबी बोंडअळी, पेक्टिनोफोरा गॉसिपिएला. हिचं कुळ गेलेकिइडी, आर्मिजेराशी फार लांबचं नातं. पतंग इवलासा, बोटाच्या नखाएवढा. आणि ऐका, जगाला हिची शास्त्रीय ओळख झाली ती १८४० च्या दशकात, गुजरातेतल्या भरूचच्या कापसावरून पाठवलेल्या नमुन्यांवरून. म्हणजे "गुलाबी अळी बीटीनं आणली" असं जे फॉरवर्ड फिरतं ना, ते सरळ डिलीट करा.

फरक फक्त कुळाचा नाही, राहणीचा आहे. आर्मिजेरा सगळं खाते, गुलाबी जवळपास फक्त कापूस. आर्मिजेरा बोंडाला मोठं भोक पाडून खाते, विष्ठा बाहेर दिसते. गुलाबी लहानपणीच बोंडात शिरते, मागचं भोक बुजतं, आणि आत बसून सरकी खाते. बाहेरून बोंड एकदम ठणठणीत, फोडल्यावर आत कवडी.

२००२ मध्ये भारतात बीटी कापूस आला, एका विषाच्या जीनचा. २००६ मध्ये दोन जीनचा. दोन्ही अळ्यांवर तो चालायचा. मग पंधराएक वर्षांत काय झालं? आर्मिजेरा शेतात बऱ्यापैकी आटोक्यात राहिली आणि गुलाबी अळीनं बीटी पचवला. गुजरातेत पहिल्या जीनला दाद न देणाऱ्या अळ्या २०१० मध्ये जाहीर झाल्या, आणि २०१७ चा हंगाम विदर्भ-मराठवाड्यात कुणी विसरलेलं नाही. एकच औषध, एकाच झाडात, दोन अळ्या, निकाल वेगळा.

याचं मोठं कारण वर्गीकरणाच्या त्या चौकटीतच आहे. आर्मिजेराची निम्मी-शिम्मी भावंडं तुरीत, हरभऱ्यात, टोमॅटोत वाढतात, जिथे बीटी नाही. तिथून सतत "साधे" पतंग येतात आणि कापसातल्या एखाद्या पचवणाऱ्या पतंगाशी जोडी जमवतात, त्यामुळे प्रतिकाराचा जीन पातळ होत राहतो. गुलाबीला दुसरं घरच नाही. सगळीकडे बीटी कापूस, त्यात जी वाचली ती वाचलेल्याशीच जोडी जमवणार. म्हणून बीटी बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं बिगर-बीटीचं छोटं पाकीट यायचं, कडेनं लावायला. बहुतेकांनी ते लावलंच नाही. आमच्या घरी ते पाकीट धान्याच्या कोठीमागे पडलेलं मी स्वतः बघितलंय. त्यात फरदड, म्हणजे डिसेंबरनंतरही कापूस उभा ठेवायचा, तेव्हा गुलाबीला वर्षभर जेवण. दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही, लांब मुदतीचे वाण खपवणाऱ्यांनाही हे माहीत होतं. पण "बोंडअळी बीटीला सरावली" हे वाक्य अर्धवट आहे. कोणती, ते आधी विचारायचं.

आता थोडं दूर जाऊ, कारण आर्मिजेराची गोष्ट अजून संपलेली नाही. ब्राझील. २०१२-१३ च्या सुमारास तिथल्या बाहिया राज्यात सोयाबीन आणि कापसावर अळीनं धुमाकूळ घातला. लोकांना वाटलं आपली नेहमीचीच झिया असेल, पण नेहमीचे उपाय चालेनात. मग जननेंद्रियं तपासली, डीएनए तपासला, आणि २०१३ मध्ये जाहीर झालं की ही आर्मिजेरा आहे. नंतर जुने साठवलेले नमुने काढून बघितले तर ती २००८ पासूनच तिथे होती. पाच वर्षं दुसऱ्याच्या नावावर राहत होती, कारण दिसायला अगदी तशीच.

झियाचं आणि हिचं घराणं फुटून १५ लाख वर्षं झालेली. आता ब्राझीलच्या शेतात दोघी समोरासमोर. वासही जवळजवळ सारखाच, त्यामुळे सापळ्यातल्या त्याच गोळीला दोन्ही येतात. आणि त्यांचे संकर झाले. २०१८ मध्ये जनुकीय पुरावा आला. २०२० मध्ये तर दिसलं की पायरेथ्रॉइड पचवण्याचा आर्मिजेराचा एक जीन (नाव आहे सीवायपी३३७बी३, पाठ करायची गरज नाही) ब्राझीलच्या झियात शिरला आणि तिथे झपाट्यानं पसरला. फोर्क झालेल्या दोन रेपो, आणि इतक्या वर्षांनी कुणीतरी नेमका नको तोच कोड मर्ज केला.

मग या दोन प्रजाती की एक? जीवशास्त्राच्या शाळेतल्या व्याख्येनं दोघींची पिल्लं जगतात आणि पुढे वाढतात म्हणजे एकच म्हणायला हवं. पण बाकीचा बराचसा जीनोम अजून आपापला आहे, तिथे मिसळण फारशी टिकत नाही. शास्त्रज्ञ सध्या दोनच मानतात, आणि मला ते पटतं. पण रेघ पक्क्या शाईची नाही, पेन्सिलची आहे.

शेवटी सापळा. पतंगांचं स्वतःचं वर्गीकरण वासावर चालतं. आर्मिजेराची मादी जो वास सोडते त्यात मुख्य दोन रेणू, साधारण ९७ ला ३ या प्रमाणात. गुलाबीच्या मादीचे रेणूच वेगळे, दोन, निम्मे-निम्मे. नर त्या मिश्रणाशिवाय फिरकत नाही. हेलिल्युरवर गुलाबी अळीचा नर ढुंकून बघणार नाही, भले सापळा त्याच्या जन्मस्थानापासून दोन फुटांवर असो. तीच गोष्ट एचएनपीव्ही या विषाणूची. आर्मिजेरावर मस्त चालतो, गुलाबी अळीवर त्याचा काही उपयोग नाही. माणसाची नावं ढिली असली तरी विषाणू आणि नर पतंग दोघेही नाव बघून नाही, अळी कुणाची ते बघून काम करतात.

मी काकांना म्हटलं, "काका, दुकानात बोंडअळी म्हणू नका, गुलाबीची गोळी द्या म्हणा, आणि पाकिटाचा फोटो मला पाठवा." त्यांनी गॉसिप्ल्युअर आणलं. तिसऱ्या सकाळी फोटो आला, पिशवीत तळाशी बारीक करडे पतंग. त्यांनी मोजले, अकरा. दिवसाला आठ पतंग, सलग तीन दिवस, ही धोक्याची पातळी धरतात. दुसऱ्या दिवशी नऊ, तिसऱ्या दिवशी चौदा. मग डोमकळ्या तोडून नष्ट केल्या, फवारणी झाली. तरी पहिल्या वेचणीनंतरच्या बोंडांत कवडी निघालीच. महिनाभर उशीर झाला होता, तो कसा भरून निघणार.

हेलिल्युरची न फोडलेली दोन पाकिटं काकूच्या फ्रीजमध्ये होती, लोणच्याच्या बरणीमागे. काकू रोज विचारायची, हे कवा काहाडता. नोव्हेंबरात हरभऱ्याला फुलं धरली तेव्हा काकांनी ती काढून हरभऱ्यातल्या सापळ्यांना लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच व्हॉइस मेसेज: "आले रे. मोठे हाय हे, पिवये-पिवये. सहा."